लाकडी पेनातली पितळी नळी उन्हाळ्यात सुटते, गोंद कोणता वापरावा?

बालाघाटी | ११ मे, रात्री ९:२०

मंडळी, लेथवर (लाकूड गोल फिरवत कातायच्या यंत्रावर) लाकडी पेन करणारे इथे चार-दोन जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय. मी उदगीरकडचा. बाभूळ, चिंच, जुना साग, जे हाती लागेल त्याचे पेन करतो. किट ऑनलाइन मागवतो, ७ मिमीचं साधं, पिळलं की रिफिल बाहेर येणारं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी गोंदानं बसवायची, मग लेथवर कातायचं, घासायचं, पॉलिश करायचं आणि शेवटी टोक, क्लिप वगैरे नळीत दाबून बसवायचं.

अडचण अशी की पावसाळ्यात केलेले पेन एप्रिल-मेमध्ये परत येतात. काहींचं लाकूड नळीवर नुसतंच गोल फिरतं, रिफिल काही बाहेर येत नाही. काहींना उभी बारीक चीर गेलीय. बरेचसे झटपट धरणाऱ्या पातळ गोंदाने केलेले, थोडे इपॉक्सीने (दोन भाग मिसळून करायचा गोंद). सुटलेले दोन्हींत आहेत.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. एका मोडलेल्या बैलगाडीच्या लाकडाचे पेन सगळ्यांना द्यायचे असं ठरलंय. गाडी अंगणात येऊन पडली आहे, आता माघार नाही. कोण कोणता गोंद वापरतं?

मोंढ्यावरून | ११ मे, रात्री ९:३४

फेविकॉल. धागा बंद करा.

शिळी भाकर | ११ मे, रात्री ९:४१

+१. आमच्या घरातली दारं, खिडक्या, कपाटं, सोयरीक, सगळं त्यावरच टिकून आहे.

खरादी | ११ मे, रात्री १०:१५

मोंढेकर, लाकडाला लाकूड जोडायचं असेल तर तुमचं शंभर टक्के खरं. दोन रंगांच्या लाकडाच्या पट्ट्या जोडून पेनाचा तुकडा करतात ना, तिथे मी स्वतः फेविकॉलच वापरतो. पण तो पाण्यातला गोंद. त्यातलं पाणी लाकडाने शोषलं की तो आवळतो. पितळ काही शोषत नाही आणि त्या गुळगुळीत पृष्ठभागाला तो नीट धरतही नाही. वर नळी आणि भोक यांच्यात फट कागदाएवढी, दोन्ही टोकं सोडली तर हवा लागायला जागाच नाही. शिवाय ते पाणी लाकडात मुरतं, ते वेगळंच.

बालाघाटी, तुम्ही गोंद विचारलात, पण आधी सांगा, नळी कशी तयार करता?

मोंढ्यावरून | ११ मे, रात्री १०:२२

म्हणजे डब्यावर दोन हत्ती ओढायलेत ते पेनात कामाचे नाहीत.

बालाघाटी | ११ मे, रात्री १०:३०

नळी पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा ओढतो, फडक्याने पुसतो, गोंद लावतो, सरकवतो. एवढंच.

दुधनाकाठची | १२ मे, सकाळी ७:०५

मी सेलूची. सगळे पेन सीए, तुमचा तो झटपट धरणारा गोंद, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेटनेच करते आणि माझ्याकडे परत येत नाहीत, तेव्हा त्याला उगाच बदनाम करू नका. फरक आहे तो पातळ आणि दाट यांत. नेहमीच्या छोट्या ट्यूबमध्ये येतो तो पाण्यासारखा पातळ. तो लाकूड पिऊन टाकतं, नळीभोवती काही उरतच नाही. चीर बुजवायला, मऊ लाकूड कडक करायला तो उत्तम. नळीसाठी मध्यम किंवा दाट हवा, तो बाटलीत मिळतो, ऑनलाइन मागवावा लागतो.

पद्धत सांगते. १५० नंबरच्या पेपरने नळीवर तिरक्या रेघा पाडायच्या, दोन्ही दिशांनी, पितळेची चकाकी पूर्ण जाईपर्यंत. मग अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, हाताचं तेलसुद्धा नडतं. गोंद नळीला लावायचा आणि शिवाय भोकाच्या आतही एका काडीने फिरवायचा. फक्त नळीला लावला तर सरकवताना तो सगळा तोंडाशी खरवडला जातो. घालताना नळी पिळत पिळत आत न्यायची, थांबायचं नाही. थांबलात की जिथे आहे तिथे कायमची.

आणि ड्रिल केल्याकेल्या लगेच कधीच घालू नका. बाभळीसारखं कठीण लाकूड आतून चांगलंच तापतं. गरम भोकात सीए अर्ध्या वाटेतच धरतो.

औरंगपुरा | १२ मे, सकाळी ८:५०

ताई, अ‍ॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरच ना? घरात बाटली आहे.

दुधनाकाठची | १२ मे, सकाळी ९:१२

नाही दादा. काही रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन नसतंच, काहींत नखांसाठी तेल मिसळलेलं असतं. म्हणजे पुसायला गेलो आणि तेलच लावून आलो. हार्डवेअरमधल्या थिनरचंही तेच, ते मिश्रण असतं. नुसतं अ‍ॅसिटोन मागा. वहिनींची बाटली होती तिथे ठेवा.

शंकासुर | १२ मे, सकाळी १०:४०

मूलभूत शंका. मुळात नळी हवीच कशाला? लाकडाचं भोक आहे, रिफिल आहे, घाला आणि लिहा. बोरूला कुठे पितळ होतं?

खरादी | १२ मे, दुपारी १:१०

बोरू हवा तर बोरू करा, त्याला ना लेथ लागतो ना गोंद. किटच्या पेनात कातल्यावर लाकूड उरतं एक-दोन मिलिमीटर जाडीचं. त्यात धातूचं टोक जोराने दाबून बसवायचं म्हटलं की ते फाटणारच. तो दाब नळी झेलते. पेनाचा सांगाडा नळीच आहे, लाकूड फक्त अंगरखा.

यावरून आठवलं, नळीच्या आत गोंद शिरला असेल तर टोक दाबताना नळीच पुढे ढकलली जाते आणि आतला जोड तिथेच तुटतो. वरून कळत नाही, पेन देऊन टाकतो आपण, आणि महिन्याभराने फिरायला लागतं. म्हणून घालण्यापूर्वी नळीचं तोंड बुजवायचं. मेण चालतं. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर नळी दाबली की तेवढाच बुच कापून आत बसतो, नंतर काडीने ढकलून काढायचा.

शिळी भाकर | १२ मे, दुपारी १:२५

बटाट्याऐवजी भाकरीचं पीठ चालेल का? आमच्याकडे ते मुबलक.

दुधनाकाठची | १२ मे, दुपारी १:५८

ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही हो, सुकलं की भुगा. कणकेचा गोळा घ्या. आणि आयडीप्रमाणे शिळी घेऊ नका.

कोरडवाहू | १२ मे, रात्री ८:३०

बालाघाटी, काय करायलास बाबा तू गाडीचं? चांगलं लाकूड हाय ते, बाभळीचं. माझ्या आज्याच्या हातचं सांगतो. गाडीच्या चाकात गोंदाचा थेंब नसतो. तुंब्यात, म्हंजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, आरे म्हंजे दांड्या ठोकायच्या, आऱ्यांवर पाटे म्हंजे लाकडी घेर, आणि वरून लोखंडी धाव म्हंजे पट्टी. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चार माणसांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आन् लगेच पाणी मारायचं. लोखंड आवळलं की चाक असं कचकन आवाज करून घट्ट. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की तेच चाक खडखडायलं म्हणून समज. मग गाडी डोहात उभी करायची रातभर. सकाळी परत टाईट.

तुझ्या पेनाचं तेच झालंय. ऊन लागून लाकूड आटलं, नळी ढिली पडली. गोंदाचा काय दोष नाही.

आन् एक सांगतो, तुंब्याचं लाकूड पेनाला घेऊ नको. जलमभर त्यात ओंगण म्हंजे वंगण घातलेलं असतंय. आऱ्याचं तुंब्यात गेलेलं टोकबी टाकून दे. मधलं घे. आन् आधी लोहचुंबक फिरव त्याच्यावरून, आत खिळा असला तर मशीनवर तोंडावर येईल.

औरंगपुरा | १२ मे, रात्री ९:०२

धाव बसवताना लहानपणी पाहिलंय, पैठण रोडला. पाणी मारलं की वाफेचा ढग उठायचा आणि आम्ही पोरं पळायचो. या प्रतिसादासाठी वेगळा धागा काढा कोरडवाहू.

आकडेमोड | १२ मे, रात्री ११:४५

कोरडवाहूंचं चाकाचं वर्णन एकदम बरोबर, पण पेनात गोष्ट उलटी होते. चाकात आरा तुंब्याच्या भोकात बसलेला असतो. आरा वाळला, बारीक झाला, म्हणून सैल. पेनात लाकूड बाहेर आहे आणि आत पितळ. लाकूड वाळलं की त्याचं भोकसुद्धा लहान होतं, म्हणजे ते नळीवर आवळायला हवं. पितळ दबत नाही, मग ताण सहन झाला नाही की लाकूड उभं फाटतं. तुमची चीर आली ती इथून.

थोडे आकडे. लाकूड हवेप्रमाणे पाणी घेत-सोडत राहतं. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, २० टक्के असेल तर ४-५ टक्के. आपल्याकडे ऑगस्टची झड आणि मेची दुपार यांच्यात एवढं अंतर सहज पडतं. लांबीत लाकूड जवळजवळ आटत नाही, जे काही आटतं ते आडवं, तेही वर्तुळाकार वलयांच्या दिशेने जास्त. पेनाचं लाकूड इतकं पातळ की त्याला हा बदल फार लवकर कळतो.

म्हणून माझ्या मते बालाघाटींचे हे दोन वेगळे आजार आहेत. चीर गेली ती लाकूड ओलं असताना केलं म्हणून. त्याला कुठलाही गोंद वाचवू शकला नसता. आणि ज्यांना चीर नाही तरी फिरतात, तिथे गोंदाने धरलंच नव्हतं किंवा उष्णतेने सोडलं.

कोरडवाहू | १३ मे, सकाळी ६:४०

म्हंजे पेन डोहात बुडवू नको म्हन त्याला.

आकडेमोड | १३ मे, सकाळी ९:१५

अजिबात नको. फुगलं की भोक मोठं होऊन लाकूड नळीपासून दूर ओढलं जाईल. पावसाळ्यात गोंदाची परीक्षा असते ती हीच.

खरादी | १३ मे, सकाळी ११:३०

आकडेमोड यांच्याशी सहमत. आता अंदाज पुरे. बालाघाटी, परत आलेले चार पेन घ्या, बारीक करवतीने उभे चिरा आणि गोंद कुठे राहिलाय ते बघा. नळी कोरी आणि गोंद लाकडाला असेल तर पितळ नीट खरवडलं नव्हतं. गोंद नळीला आणि लाकूड कोरं असेल तर लाकडात तेल आहे किंवा ड्रिलने भोक भाजलं. बोथट ड्रिलने धूर निघेपर्यंत भोक पाडलं की आतून काचेसारखं होतं, गोंद मुरत नाही. दोन्हीकडे अर्धा अर्धा असेल तर गोंद धरला होता पण ताणाने फाटला. आणि काही ठिकाणी गोंदच नसेल तर पसरलाच नव्हता. हे कळल्याशिवाय गोंद बदलणं म्हणजे ताप न मोजता गोळ्या बदलणं.

चहा टपरी | १३ मे, दुपारी ४:००

मागच्या पिढीचे सुतार सरस वापरायचे, त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही. जनावराच्या कातड्या-हाडांचा. पाण्यात भिजवून, दुसऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करायचा. वास असा की शेजारी भांडायला यायचे. पण जोड पुन्हा गरम-ओला करून सोडवता यायचा, म्हणून जुनी वाद्यं, फर्निचर दुरुस्त होतं. पितळेला उपयोग नाही हे मान्य, सहज आठवलं.

आणि सीएची जन्मकथा मजेशीर आहे. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर कोडॅकमध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे द्रव्य ज्याला लागेल त्याला चिकटायला लागलं म्हणून वैतागून बाजूला टाकलं. गोंद म्हणून बाजारात आलं ते १९५८ ला.

दुधनाकाठची | १३ मे, सायंकाळी ६:२०

सीएवरून एक सांगायचं राहिलं. सुती कापडावर सांडला तर एकदम तापतो, धूर निघतो, कातडी भाजते. सुती हातमोजे, बनियन, कापूस लांब ठेवा. वाफेने डोळे झोंबतात, पंखा पाठीमागून लावा.

किनवटी साग | १४ मे, रात्री ९:१०

मी सागाचेच करतो, आमच्याकडे नावाप्रमाणे तोच. सागात मुळातच तेलकटपणा असतो. भोकाच्या आतून अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी फिरवायची, उडू द्यायचं आणि वेळ न घालवता गोंद लावायचा, नाहीतर आतलं तेल पुन्हा वर येतं. शिसवाचंही असंच.

मी इपॉक्सीवाला. साधं हळू आवळणारं, रात्रभर ठेवायचं ते. पाच मिनिटवालं नको. दोन्ही भाग सारखे, तेवढं पाळायचं. लवकर आवळावं म्हणून हार्डनर (घट्ट करणारा भाग) जास्त घालणारे बरेच आहेत, त्यांचं आतून चिवट चिवटच राहतं. इपॉक्सीचा फायदा दोन बाबतींत. फट थोडी मोठी असली तरी भरून निघते आणि नळी वाटेत अडकत नाही. सीए सुकला की काचेसारखा ठिसूळ, पेन फरशीवर आपटला की जोड तडकतो. इपॉक्सी थोडा तरी मार सोसतं.

दुधनाकाठची | १४ मे, रात्री ९:३३

आपटायचा कशाला पण पेन?

किनवटी साग | १४ मे, रात्री ९:३६

ताई, माझे पेन शिक्षक वापरतात.

लिंबाखाली | १५ मे, सकाळी १०:०५

पीयू (पॉलीयुरेथेन) गोंद सुचवणारे येतीलच म्हणून आधीच लिहितो. तो ओलाव्याने आवळतो आणि फेसासारखा फुगतो. तो फुगताना नळीला भोकाबाहेर ढकलतो, रबर लावून बांधून ठेवावं लागतं. फेसात दम नसतो. आणि हाताला लागला तर आठवडाभर लोक विचारतात काय झालं.

आकडेमोड | १५ मे, दुपारी १२:२०

किनवटी, इपॉक्सीची दुसरी बाजूही लिहा. घरच्या तापमानात आवळलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. मेच्या उन्हात उभ्या बंद कारमध्ये किंवा स्कूटीच्या डिक्कीत तेवढं होतं. पेन डिक्कीतून काढला आणि तसाच गरम असताना पिळला तर जोड सरकू शकतो. पाच मिनिटवालं याबाबतीत आणखी कच्चं.

सीएचं हवेशी नातंही वेगळं. तो हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यानेच आवळतो. म्हणून मेमध्ये आपल्याकडे सावकाश धरतो, जुलैत हात काढायच्या आत. इपॉक्सी याच्या उलट, उन्हाळ्यात भराभर आवळतं. मिसळून ठेवलेली वाटी उन्हाळ्यात लवकर घट्ट होते, तेव्हा थोडं थोडं मिसळा.

बालाघाटी | १९ मे, रात्री १०:४०

खरादी अण्णांच्या सांगण्यावरून परत आलेले पेन चिरले. जे दिसलं ते लिहितो.

पातळ सीएचे: नळी भरपूर ठिकाणी कोरी, नुसत्या लांब लांब चार रेघा. पुढच्या टोकाला बोटभर गोंदाचा पट्टा, त्याच्या मागे काहीच नाही. म्हणजे ताई म्हणाल्या तसं, सरकवताना सगळा तोंडाशी खरवडला गेलेला. लाकडावर मात्र आत गडद डाग, तिथे तो मुरलेला.

इपॉक्सीचे दोन सुटलेले होते ते दोन्ही एकाच जुन्या जात्याच्या खुंट्याच्या लाकडाचे. त्यात गोंद पूर्णच्या पूर्ण नळीला, अंगठीसारखा. लाकूड आतून कोरं, काळपट, बोट फिरवलं की गुळगुळीत. वास घेतला तर चक्क गोडेतेलाचा. वर्षानुवर्षं तेलाचा हात लागलेलं लाकूड होतं ते.

चीर गेलेल्यांत जोड मजबूतच होता, छिन्नीनेही निघेना. तेव्हा आकडेमोड म्हणतात ते पटलं. ते सगळे झडीच्या दिवसांत पडवीत ठेवलेल्या लाकडाचे.

खरादी | १९ मे, रात्री ११:०५

मिळालं की उत्तर. तीन आजार, आणि गोंदाची चूक जेमतेम एकात, तीही पातळ घेतलात म्हणून.

कोरडवाहू | २० मे, सकाळी ६:१५

म्हनून म्हनलं तुंब्याला हात लावू नको.

बालाघाटी | २० मे, सकाळी ८:३०

काका, तुंबा बाजूला काढला. कुणाला दिवाणखान्यात ठेवायला हवा असेल तर कळवा.

आऱ्यांचे तुकडे पाडायला घेतलेत. सोनाराकडच्यासारखा लहान वजनकाटा आहे, तुकड्यांचं वजन रोज लिहितोय, उतरायचं थांबलं की ड्रिल. म्हणजे लाकूड वर्षातलं सर्वांत कोरडं असताना पेन होतील, पुढे चिरायची भीती कमी. पण मग पावसाळ्यात ते फुगणार आणि नळीपासून ओढलं जाणार. त्यासाठी थोडा तरी ताण सोसणारा गोंद हवा, म्हणून हळूवालं इपॉक्सी असं ठरवतोय. बरोबर?

आकडेमोड | २० मे, सकाळी ९:४८

मलाही तेच वाटतं. नळी बसली की तुकडे आडवे ठेवा आणि पहिली काही मिनिटं अधूनमधून फिरवत राहा, नाहीतर उन्हाळ्यात पातळ झालेलं इपॉक्सी एका बाजूला ओघळतं. दुसऱ्या दिवसाआधी लेथवर चढवू नका. पॉलिशचा थर चांगला द्या, तुकड्यांच्या दोन्ही टोकांनासुद्धा. ओलावा तिथूनच जास्त शिरतो.

दुधनाकाठची | २० मे, सकाळी १०:२०

मला पटलेलं नाही. पितळ नीट खरवडलं, लाकूड कोरडं असलं तर दाट सीए एवढा ताण सोसतो, माझे पेन पावसाळे काढून बसलेत. तुमच्या गाडीचे थोडे तुकडे मला पाठवा, मी सीएने करून देते. मेळाव्यात मिसळून वाटा, कुणाचे परत येतात ते बघू.

बालाघाटी | २० मे, सकाळी १०:४१

चालेल ताई, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. तुमच्या पेनांच्या नळीवर आतून मार्करने खूण करा, बाहेरून कुणाला कळायला नको.

मोंढ्यावरून | २० मे, सकाळी १०:४४

एक फेविकॉलने पण करा. हत्तींचा मान राहील.

शिळी भाकर | २० मे, सकाळी १०:५०

तो मोंढ्यावरून यांनाच द्या.